भरल्या ताटावरून

आंदोंग, १८ ऑक्टोबर १९९४

ओक्जूच्या आईस,

रविवारी तेजॉनहून परतल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. फोन करता आला असता. पण आमच्याकडे व्याह्यांच्या घरच्या बायका एकमेकींना पत्रच लिहितात. माझ्या आईनं लिहिली, सासूबाईंनी लिहिली, मग मलाही ती चाल मोडवत नाही.

तुम्ही दोघं नाजूहून पहाटेची बस धरून आलात, वर नासपतींची एवढी जड पेटी उचलून आणलीत. काय रसाळ नासपती हो! पहिली पितरांपुढे ठेवली, मग आम्ही खाल्ल्या. ओक्जू आम्हाला दोघांनाही फार आवडली. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, ते मी बऱ्याच महिन्यांनी पाहिलं.

जेवण मात्र मनासारखं झालं नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. ह्यांचं पोट आदल्या दिवसापासून बरं नव्हतं. त्यात त्या हॉटेलनं इटालियन जेवणाचं दालन नुकतंच उघडलेलं, तिथल्या लोकांचीही धांदल. तुम्ही समजून घ्याल अशी आशा आहे.

सोबत आमच्याकडचे खारवलेले बांगडे पाठवते. लग्नाची तारीख मुलीकडच्यांनी काढायची ही रीत, तेव्हा तुमच्या निरोपाची वाट पाहते. हे दिवसातून दोनदा टपालपेटीत डोकावून येतात.

ग्यूसोकची आई,
क्वॉन सुनिम


नाजू, २५ ऑक्टोबर

ग्यूसोकच्या आईसाहेब,

'विहीणबाई' असं लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. अजून तारीख कुठे ठरली आहे? बांगडे मिळाले. चांगले आहेत. माझा राग बांगड्यांवर नाही.

मी बाजारात मांसाचं दुकान चालवणारी बाई. मला तुमच्यासारखं पाकात घोळवून लिहिता येत नाही. जे झालं ते सरळ लिहिते.

मी ओक्जूला आधीच म्हटलं होतं, तेजॉन दोघांनाही मधलं पडतं, स्टेशनजवळ एखादी साधी खानावळ बघा, भात, रस्सा, किमची, मासे, सगळे पोटभर जेवतील. तर म्हणे मुलाकडच्यांचा आग्रह आहे, हॉटेलातलं इटालियनच पाहिजे. बरं बाई, म्हटलं, शिकलीसवरलेली माणसं, हेडमास्तरांचं घर. मी लग्नातला रेशमी पोशाख कपाटातून काढला. ह्यांनी तर आदल्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं आणि हात घासत बसले. साबण, मग मीठ, मग लिंबू. मी म्हटलं, "अहो, कातडं निघेल." तर म्हणाले, "वास राहायला नको."

आणि तिथे काय झालं? आधी पालापाचोळा आला. मग सूप आलं. व्याहीबुवा ह्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय आम्ही कसा उचलायचा? आम्ही मांडीवर हात ठेवून बसलो. ते हलेनात. ग्यूसोक म्हणाला, "बाबा, घ्या ना." तर म्हणाले, "येऊ दे, सगळं येऊ दे." सूप निवलं. वेटर आला, आमच्या तोंडाकडे बघितलं, उचलून घेऊन गेला. मग ते शिंपल्यांचं स्पॅगेटी आलं, तेही तसंच गेलं. मग मासा आला, तोही गेला. सहा माणसं आणि एकाच्याही पोटात घास नाही! शेवटी तो पोरगेला वेटर रडवेला होऊन विचारतो, "आचाऱ्याचं काही चुकलं का?" मला तर त्याचीच दया आली.

हेही मी गिळलं असतं. पण ह्यांनी वाइनची बाटली दोन्ही हातांनी धरली, खाली वाकून व्याहीबुवांना ओतायला गेले, आणि व्याहीबुवांनी ग्लास पुढे केला तो डाव्या हातानं! नुसत्या डाव्या हातानं! उजवा टेबलाखाली. एवढा घराण्याचा माणूस, पोरांना रीतभात शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला ठाऊक नाही होय डाव्या हातानं काय घ्यावं नि काय घेऊ नये?

भरल्या ताटावरून उठून आलो आम्ही. बसस्टँडवर उभ्यानं शेवया खाल्ल्या, माझ्या रेशमी बाहीवर रस्सा सांडला.

पोटाचं कारण मला सांगू नका. पोट बिघडलं तर माणूस ग्लास पण घेत नाही. खरं काय ते लिहा.

बांग जॉम्ने


आंदोंग, ३ नोव्हेंबर

ओक्जूच्या आईस,

तुमचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. असं पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं.

पोटाचं मी वरवरचं लिहिलं, हे खरं. लाज वाटली म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर हे भाताची वाट पाहत होते. आमच्या घरात भात आणि रस्सा ताटात आल्याखेरीज कुणी चमचा उचलत नाही. पाला आला, सूप आलं, ह्यांना वाटलं ही तोंडीलावणी आहेत, भात मागाहून येईल. "सगळं येऊ दे" म्हणाले ते त्यासाठी. तो काही आलाच नाही, शेवटी कॉफी आली! घरी आल्यावर आम्ही दोघं यावर हसलो. तुम्हीही हसाल असं वाटलं होतं.

पण तुमच्या पत्रात जे ओळींच्या मधे आहे, त्यानं मी दुखावले. आम्ही तुम्हाला कमी लेखतो असं तुमच्या मनात आहे. आम्ही कधी तसं बोललो? आणि विचारतेच म्हणून राग मानू नका, तुमच्या ह्यांनी तरी एकदा "घ्या" म्हणून आग्रह केला का? खाली मान घालून बसले होते. आग्रह झाला असता तर हे नाही म्हणाले नसते.

ग्यूसोकचा सोलहून दर रविवारी फोन येतो, तो आला नाही. मुलांचं सुख आपल्या हातात आहे, एवढं लक्षात असू द्या.

क्वॉन सुनिम


नाजू, १० नोव्हेंबर

ग्यूसोकच्या आईसाहेब,

भाताची गोष्ट ह्यांना वाचून दाखवली. हसले नाहीत. "आणि डावा हात?" एवढंच म्हणाले.

त्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. मी शोधलं.

तेव्हा आता ऐका. माझे सासरे खाटीक होते. आता दुकानाला काचेचं कपाट आहे, पाटी आहे, बाजारातले लोक ह्यांना शेठ म्हणतात, पण सासऱ्यांच्या काळात तसं नव्हतं. मोठ्या घरी लग्न असलं की मांस कापायला त्यांनाच बोलवायचे. पंगत बसली की त्यांना अंगणाच्या बाहेर, भिंतीला टेकून, वाडग्यात द्यायचे. सासरे ते वाडगं तसंच झाकून घरी आणायचे आणि म्हणायचे, ज्यांना आपल्याबरोबर जेवायचं नसतं त्यांच्या दारात आपणही जेवायचं नाही. ह्यांनी हे मला लग्नानंतर किती वर्षांनी सांगितलं माहीत आहे? ओक्जूचं बारसं होऊन गेल्यावर.

आता वरचा-खालचा असा कायदा राहिला नाही, कुणी कुणाला काही म्हणत नाही. तोंडावर तर कुणीच नाही. पण माणसाला कळतं हो. तुमचे हे शेजारी बसले, खाल्लं नाही, आणि आमच्या माणसानं दोन्ही हातांनी दिलेलं डाव्या हातानं घेतलं. आमच्या ह्यांना जे समजायचं ते त्या पहिल्या सूपलाच समजलं. म्हणून मान खाली होती. आग्रह कसला करायचा?

ओक्जू शनिवारी आली. ह्यांनी तिला सांगितलं, "तुझं तू ठरव, पण मी त्या घरात जेवायला जाणार नाही आणि ते माझ्याकडे येणार नाहीत." दोन दिवस पोरगी पांघरुणात तोंड खुपसून होती. मग ग्यूसोकला फोन केला आणि म्हणाली, "माझ्या बापाला घेऊन मी पुन्हा त्या टेबलावर बसणार नाही." आणि रडत सोलला गेली.

तारीख निघणार नाही. पत्र लिहायची तसदी घेऊ नका. तुमचे बांगडे परत पाठवणार होते, पण ते वाटेत सडले असते म्हणून शेजारणीला देऊन टाकले.

बांग जॉम्ने


आंदोंग, १९ नोव्हेंबर

ओक्जूच्या आई,

लिहू नका म्हणालात तरी लिहिते आहे. ह्यांना न सांगता लिहिते आहे. कळलं तर लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मला घराबाहेर काढतील, तरी लिहिते.

गेल्या फेब्रुवारीत एके सकाळी हे अंगणात बर्फ झाडत होते. झाडू हातातून पडला. उचलायला वाकले आणि उचलता येईना. झटका सौम्य होता, डॉक्टर म्हणाले नशीब. पाय सुधारला, तोंड सुधारलं. उजवा हात गेला तो गेला. खांद्याला नुसता लोंबतो. मुठीत काही राहत नाही आणि जरा ताण आला की थरथरतो.

सगळ्या पंचक्रोशीतल्या लग्नांचे मजकूर, दारावरचे फलक हे कुंचल्यानं लिहून द्यायचे. आता दौत सुकली आहे. येणाऱ्यांना आम्ही सांगतो, मनगट मुरगळलंय. पोरालासुद्धा हेच सांगितलं आहे. घास उचलायच्या दोन कांड्या डाव्या हातात धरता येत नाहीत म्हणून घरी जेवताना मी ह्यांच्या चमच्यावर एकेक तोंडीलावणं ठेवते आणि ते डाव्या हातानं खातात. दार बंद करून.

का लपवलं? सांगते, तुम्ही आई आहात. थोरल्या मुलाच्या बायकोवर सासू-सासऱ्यांचं करायचं येतं. ज्या घरात सासऱ्याला भरवायला लागतं, त्या घरात कोण आपली शिकलेली, नोकरी करणारी मुलगी देईल? एकदा तारीख निघू दे, मग सांगू, असं आम्ही ठरवलं होतं. हे ठरवलं मी. ते नुसते हो म्हणाले.

इटालियनचा आग्रहही माझाच. तुमच्या साध्या खानावळीत कांड्या आल्या असत्या आणि सगळं उघडं पडलं असतं. काटा मात्र डाव्या हातातच धरतात ना? साहेबी जेवणात डावा हात चालतो, उलट तीच रीत असते! मला केवढी शहाणी झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. आमच्या इथे एक जुनं कटलेटचं दुकान आहे, तिथे दर रविवारी जाऊन ह्यांनी सराव केला. मी आधी कापून द्यायचे, हे काट्यानं उचलायचे. उन्हाळाभर! शेवटी शेवटी तर ऐटीत खायचे, आणि मला म्हणायचे, "मॅडम, पाणी द्या." आमची समजूत अशी की हॉटेल म्हणजे कटलेटच. त्या स्पॅगेटीचा सराव कुणी केला होता? पाला आणि मासा तर मी कापून दिल्याशिवाय ह्यांना काट्यावर घेता आले नसते, आणि तुमच्यासमोर कसं कापून देणार?

सूप आलं तेव्हा चमचा उजवीकडे मांडलेला. सगळ्यांची नजर ह्यांच्यावर, कारण ते मोठे. डाव्या हातानं चमचा उचलला तर तुम्ही पाहाल, उजव्यानं उचलला तर सांडेल. मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. टेबलाखाली तो हात इतका थरथरत होता की मला वाटलं टेबलावरचं कापड हललेलं तुम्हाला दिसेल. "सगळं येऊ दे" हे त्या क्षणी सुचलं ते बोलले. त्यांना वाटलं पुढे कटलेट येईल. भाताबद्दल मी लिहिलं ते खोटं. आम्ही हसलो हेही खोटं. घरी येताना बसमध्ये मी त्यांना गोड बीन भरलेला पाव तुकडे करून भरवला आणि ते खिडकीकडे तोंड करून खात होते.

तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ओक्जूच्या वडिलांना तसं वाटेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. आमच्या ध्यानीमनी नसावं, हीच आमच्या घराची चूक. आमच्याच घराच्या अंगणाबाहेरही कुणी वाडगं घेऊन बसत असेल. मी कधी पाहायला गेले नाही.

ग्यूसोक परवा इथे येऊन वडिलांवर ओरडला, "तुम्ही त्या लोकांना कमी समजता!" ह्यांनी ऐकून घेतलं. मुलानं उद्दाम म्हटलेलं त्यांना चाललं, आजारी म्हटलेलं नाही चालणार. असला हट्ट! मी दाराआड उभी होते, मला सहन झालं नाही. म्हणून हे पत्र.

आता सगळं तुमच्यापुढे आहे. मुलगी द्यावी असं मी म्हणणार नाही. पण ओक्जूच्या वडिलांना एवढं सांगा, की त्या टेबलावर कुणाची लाज वाटत असेल तर ती ह्यांना स्वतःची वाटत होती.

सुनिम


नाजू, २९ नोव्हेंबर

विहीणबाई,

लिहिलं बघा. आता खोडणार नाही.

उशीर झाला, कारण वर्षाची किमची घालायला घेतली होती. कोबीचा डोंगर, हात कोपरापर्यंत तिखटात. तशात पोस्टमन आला. मी पाकीट दातांनी फोडलं आणि दुकानात जाऊन ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं, थांबा जरा.

ह्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना ग्लास घ्यायचा नसता तर सोपं होतं. पोट बिघडलंय म्हणाले असते, हात टेबलाखालीच ठेवला असता. पकडले जाऊ हे माहीत असून त्यांनी मी दिलेलं घेतलं." आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. आमचे हे दिवसाउजेडी तोंड धुवायला जातात तेव्हा मी मागे जात नाही.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो विहीणबाई. एकाला तीन खोटी रचलीत, आणि एकही धड टिकलं नाही! यापुढे असलं काही करायचं असेल तर मला विचारा, मी बाजारात वाढले आहे.

मीही एक कबूल करते. ते स्पॅगेटी समोर आलं ना, तेव्हा मलाही काही कळेना. ते गुंडाळायचं की ओढायचं की कापायचं? व्याहीबुवा काटा उचलत नाहीत म्हणून आतून मला हायसंच वाटलं होतं. राग नंतर आला.

पोरीला काम पडेल ही भीती मला आहे, खोटं कशाला बोलू. ओक्जूला फोनवर सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ रडली, मग म्हणाली, "आई, मला वाटलं होतं त्यांना आपण नकोत. त्याच्यापुढे हे काहीच नाही." मग लगेच म्हणते, "पण हेडमास्तर सरांना व्यायाम करायला लावणार हं मी, लाड नाही चालायचे." आता भोगा.

पण आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं की पत्रावर तारीख काढायची नाही. एकदा एकत्र जेवण झालं पाहिजे. ते जेवण अर्धं राहिलंय. अकरा डिसेंबरला, रविवारी, आमच्याकडे या. घरी, हॉटेलात नाही. व्याहीबुवांना काय सांगून आणायचं ते तुमचं तुम्ही बघा. फक्त आणखी एक खोटं रचू नका.

जॉम्ने


आंदोंग, १४ डिसेंबर

विहीणबाई,

सुखरूप पोहोचलो. तुम्ही दिलेला किमचीचा डबा बसमध्ये एवढा दरवळला की ड्रायव्हरनं आरशातून दोनदा पाहिलं.

ह्यांना काय सांगून आणलं ते तिथे सांगायचं राहिलं. काही रचलं नाही. तुमचं पत्र पुढ्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वाटलं, आता भांडी फुटणार. आतून आवाज आला तो एवढाच, "कोणती बस धरायची?"

तुमच्या घरात शिरताना ह्यांचा हात खिशात होता. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. मग टेबलाशी बसलो आणि मी सवयीनं कांड्या शोधायला लागले, ह्यांच्या चमच्यावर काही ठेवावं म्हणून. कांड्याच नव्हत्या! कुणाच्याच पुढे नव्हत्या. सहा माणसांना सहा चमचे, बस. दिवसभर उकळलेला हाडांचा रस्सा, त्यात भात आणि मांसाचे चमच्यात मावतील एवढेच तुकडे. किमचीसुद्धा बारीक चिरलेली. व्याहीबुवांनी ते सगळं स्वतः कापलं होतं, हे मला ओक्जूनं भांडी पुसताना सांगितलं. "बाबा पहाटेपासून कापतायत, कुणाला हात लावू दिला नाही," म्हणाली.

आणि मग पुन्हा सगळ्यांची नजर ह्यांच्यावर. मोठे तेच ना! मी तर डोळेच मिटले. चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. डाव्या हातात चमचा, उजवा टेबलावर, सगळ्यांच्या समोर, थरथरत असलेला. दार सताड उघडं. व्याहीबुवा म्हणाले, "गरम आहे, सावकाश," आणि स्वतःचा चमचा उचलला. तेवढंच. मग सगळे जेवलो. विहीणबाई, मी भाताचं दुसरं वाडगं घेतलं, तेही व्याह्यांच्या घरी, तेही पहिल्याच भेटीत! माझ्या सासूबाईंनी बघितलं असतं तर पितरांना बोलावून माझी तक्रार केली असती.

वाडगं रिकामं झाल्यावर व्याहीबुवांनी जेव्हा "एप्रिलचा दुसरा रविवार" म्हटलं, तेव्हा हे नुसते वाडग्याकडे बघत राहिले, तुम्हाला जरा खटकलं असेल. गाडी सुटल्यावर म्हणाले, "इतका चांगला रस्सा मी कधी खाल्ला नाही." आणि थोड्या वेळानं, "आपल्या अंगणाबाहेर कोण बसायचं, हे तुला आठवतं का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मला आठवतंय." आणि आंदोंगपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. मी पुढे विचारलं नाही.

आता कागद ह्यांनी ओढून घेतला आहे. म्हणतात खालच्या ओळी मी लिहिणार. आज फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा दौत ओली केली आहे. अक्षराला हसू नका, शाळेतल्या पहिलीच्या पोराचं असतं तसं झालं आहे.

तुमची,
सुनिम

व्याहीबुवा,
पुढच्या वेळी दारू मी ओतणार.
डाव्या हातानं.
चालेल ना?